नौगावचे पारखदार

सोमवार, कोलकाता

कॉलेज स्ट्रीटवर पुस्तकांच्या टपऱ्यांमधून वाट काढत मेडिकल कॉलेजच्या फाटकाशी पोचलो तेव्हा ओपीडीची रांग रस्त्यापर्यंत आली होती. १८३५ साली सुरू झालेलं हे कॉलेज. इथे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टराने गांजाचा अर्क आधी जनावरांना आणि मग संधिवात, पटकी, धनुर्वाताच्या रोग्यांना देऊन पाहिला आणि १८३९ मध्ये त्यावर सविस्तर लेख लिहिला. धनुर्वाताच्या झटक्यांनी कमानीसारखा वाकलेला रोगी या औषधाने सैल पडतो, हे त्याने नोंदवलं. पुढे तो लंडनला गेला, सोबत गांजा घेऊन गेला. तिथे पीटर स्क्वायर या औषधविक्रेत्याने त्याचा अर्क बाजारात आणला. पाश्चात्त्य वैद्यकात गांजा शिरला तो या दारातून. हाच ओशॉनेसी नंतर हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा टाकत फिरला.

त्याचं नाव इतिहासात राहिलं. पण त्याने वापरला तो गांजा कुणाच्या तरी रानात उगवला होता, कुणीतरी वाळवला होता. त्या माणसांच्या मुलखात जायचं म्हणून मी निघालो होतो.

मी नगर जिल्ह्यातला. इंग्रजांच्या राज्यात आमच्याकडेही गांजा सरकारी नियमांखाली पिकत होता, आणि मुंबई इलाख्यात नगरचं नाव त्या पिकासाठी घेतलं जाई, हे आज आमच्या पिढीतल्या फारच थोड्यांना माहीत आहे. मला ते कळलं इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालातून. १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानातल्या गांजाबद्दल ओरड झाली आणि हे कमिशन नेमलं गेलं. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात सभासद, त्यांतले तीन हिंदी. १,१९३ साक्षीदारांचं म्हणणं त्यांनी नोंदवलं आणि पुढच्या वर्षी निष्कर्ष दिला की बेताने घेतलेल्या गांजाने शरीराला किंवा मनाला म्हणण्यासारखा अपाय होत नाही, सरसकट बंदीची गरज नाही. नगरची पानं शोधता शोधता मी बंगालच्या प्रकरणात अडकलो आणि तिथेच रमलो. कारण तिथे शेतकऱ्याच्या हाताचं काम इतक्या बारकाईने लिहिलंय की वाचताना आपण बांधावर उभे आहोत असं वाटतं. राजशाहीचा ‘गांजा महाल’ असं त्या मुलखाचं नाव. नौगाव, महादेवपूर आणि बदलगाछी ही तीन ठाणी. आज ती बांगलादेशात आहेत.

रात्री सियालदहून बालुरघाटची गाडी पकडली.

मंगळवार, हिली ओलांडून पहाडपूर

हिलीची सीमा ज्याने पाहिली नाही त्याला सांगून पटणार नाही. रेल्वेचा रूळ बांगलादेशात आणि रुळाला लागून असलेली घरं आपल्याकडे. फाळणीआधी कलकत्त्याहून दार्जिलिंगकडे जाणारी मेल याच मार्गाने धडधडत जायची, सांताहार आणि हिलीवरून. आता आपल्या बाजूला उभं राहून त्यांची गाडी जाताना बघायची. कागदपत्रं तपासून पलीकडे गेलो, बसने जयपूरहाट गाठलं आणि तिथून सीएनजी रिक्षाने पहाडपूर.

पहाडपूर गांजासाठी नव्हे, तर सोमपूर महाविहारासाठी जगाला माहीत आहे. पालवंशी धर्मपालाने आठव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा बौद्ध विहार १९८५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. मधोमध विटांचा प्रचंड ढिगारा, भोवती चौकोनात भिक्षूंच्या १७७ खोल्या. पायथ्याच्या भाजक्या मातीच्या फलकांवर मोर, मुंगूस, डोक्यावर ओझं घेतलेला माणूस. राजाचं कोरीव चित्र शोधूनही दिसत नाही, साधी माणसं आणि जनावरंच जास्त. हे मला फार आवडलं.

इथे थांबायचं खरं कारण भूगोल. पहाडपूर बदलगाछीत येतं, म्हणजे आपण गांजा महालात शिरलो. ढिगाऱ्यावरून पूर्वेकडे नजर टाकली की सपाट हिरवी शेतं, मोहरीचे पिवळे पट्टे, मधूनच खजुराची झाडं आणि त्यांना टांगलेली रसाची मडकी. ही जमीन गाळाची आणि किंचित रेताड, पाणी धरून न ठेवणारी. गांजाला अशीच उंचावरची, निचऱ्याची जमीन लागायची. वर्षानुवर्षं नांगरट, शेणखत, पेंडीचं खत. अहवालात हे सगळं आहे. पण नदीने केलेला तो हलका उतार डोळ्यांनी पाहिल्यावर हे पीक इथेच का रुजलं ते समजलं.

संध्याकाळी नौगावला पोचलो.

बुधवार, नौगाव

छोटी जमुना नदी शहराच्या मधून वाहते. तिच्यावरचा लिटन ब्रिज सकाळी आठलाच रिक्षांनी तुंबला होता. नौगाव आज तांदळाचं गाव. भातगिरण्यांची धुरांडी, पोत्यांनी लादलेले ट्रक, आणि अलीकडे आंब्याच्या बागा. मिठाईच्या दुकानात इथला प्रसिद्ध प्यारा संदेश मिळतो, आटवलेल्या दुधाचा, बोटभर लांबीचा, मधे मुठीची घडी पडलेला. दोन खाल्ले की दुपारचं जेवण लागत नाही.

माझ्यासोबत इथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवणारा मित्र होता. त्याने मला आधी गांजा सोसायटीच्या इमारतीपाशी नेलं.

या सोसायटीबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण महाराष्ट्रातल्या माणसाला तिचं महत्त्व लगेच कळेल. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला, १९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढायला परवानगी मिळाली आणि १९१७ मध्ये नौगावच्या गांजा उत्पादकांनी आपली सहकारी सोसायटी उभी केली. त्याआधी शेतकरी सावकाराकडून उचल घ्यायचा आणि माल परवानाधारक घाऊक व्यापाऱ्याला द्यायचा. भाव दुसराच ठरवायचा. सोसायटी आली आणि बंगालच्या गांजाचा सगळा माल शेतकऱ्यांच्या संस्थेमार्फत जाऊ लागला. नफ्यातून दवाखाने निघाले, जनावरांचा दवाखाना निघाला, शाळांना पैसा गेला, मशिदी आणि मंदिरं दोन्ही बांधली गेली.

प्रवरानगरला लोणीचा साखर कारखाना पाहत वाढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटेल? विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. उसाच्या पैशातून शाळा, कॉलेज, इस्पितळ कसं उभं राहतं हे आम्ही घरातून पाहिलं. तेच काम तीन दशकं आधी, बंगालच्या एका कोपऱ्यात, गांजाच्या शेतकऱ्यांनी केलं होतं. सहकाराच्या आपल्या अभ्यासक्रमात रॉचडेलचे विणकर येतात, जर्मनीचा रायफायझन येतो. नौगाव यायला हवं. मी हे पूर्ण गांभीर्याने म्हणतोय.

इमारत जुनी, जाड भिंतींची. संस्था अजून जिवंत आहे. नावात आता ‘पुनर्वासन’ हा शब्द आला आहे आणि उत्पन्न येतं ते मालमत्तेच्या भाड्यातून. जवळच जुनी गोदामं आहेत, ज्यांना इथे गोला म्हणतात. दारं भक्कम, खिडक्या उंचावर आणि लहान. सरकारी कुलूप लागायचं, मोजमाप व्हायचं, कर भरल्यावरच माल बाहेर पडायचा. कराची रीत विचार करून ठरवलेली होती. माल तीन प्रकारचा: चपटा, गोल आणि चूर. चपट्यात काडीचं वजन जास्त, गोलात कमी, चुरात जवळपास नाहीच. म्हणून चपट्यावर सर्वांत कमी कर आणि चुरावर सर्वांत जास्त. एकाच रानातलं पीक, पण हाताळणीप्रमाणे तीन भाव.

हे सगळं लिहून ठेवणारा पहिला मोठा माणूस बंगालीच. हेमचंद्र केर, सरकारी नोकरीतला डेप्युटी मॅजिस्ट्रेट. १८७७ मध्ये त्याने बंगालमधल्या गांजाच्या लागवडीवर आणि व्यापारावर अहवाल दिला. नंतर १८९३ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पतिसंग्रहाचा प्रमुख डेव्हिड प्रेन याने शास्त्रीय अंगाने लिहिलं. कमिशनने दोघांचाही आधार घेतला. मित्र म्हणाला, “केरचं नाव आमच्याच विद्यार्थ्यांना ठाऊक नाही.” मी म्हटलं, आमच्याकडेही तेच.

गुरुवार, बदलगाछीकडची गावं

आजचा दिवस ज्यासाठी आलो तो.

सकाळी धुकं इतकं होतं की मोटारसायकलचा दिवा चार हातांपुढे पोचत नव्हता. रस्त्याकडेला चुलीवर भापा पिठा वाफवणारी बाई बसली होती. तांदळाचं पीठ, आत खजुराचा गूळ आणि खोबरं. गरम पिठा हातात घेऊनच पुढे निघालो. शेतांत बोरो भाताची लावणी चालू होती. गुडघाभर थंड पाण्यात वाकलेली माणसं.

गावात मित्राच्या ओळखीचे एक म्हातारे शेतकरी भेटले. ऐंशीच्या पुढचे, चेक्सची लुंगी, खांद्यावर शाल, पाठ अजून ताठ. त्यांच्या वडिलांनी आणि त्यांनी परवान्यावर गांजा पिकवला होता, बंदी आली तोपर्यंत. मी त्यांना चाचा म्हटलं, त्यांनी मला बाबा. अंगणात चटई टाकली, चहा आला आणि ते बोलायला लागले. मित्र मधे मधे मला समजावून देत होता, पण बरंचसं हातवाऱ्यांवरूनच कळत होतं.

भाद्रपदात वाफ्यात बी टाकायचं. पाऊस ओसरला की रोपं सरींवर लावायची. खालच्या फांद्या छाटायच्या, माती चढवायची, खत द्यायचं. हे सगळं कष्टाचं, पण घरचा माणूस करू शकतो असं काम. पुढचं काम घरच्याने करायचं नव्हे. कार्तिक सरत आला की पारखदार यायचा.

पारखदार म्हणजे नर झाड ओळखून काढणारा. याला पोद्दारही म्हणत, आणि इंग्रजी अहवालांत त्याला ‘गांजा डॉक्टर’ म्हटलंय. गांजाची नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. वाऱ्यावर नराचा पराग उडाला आणि मादीवर बसला की तिच्यात बी धरतं, तिची सगळी ताकद बियांकडे जाते, कळ्यांवरचा चीक कमी होतो. बी भरलेल्या गांजाला भाव नाही. म्हणून फुलं उमलायच्या आत प्रत्येक नर झाड उपटायचं. गंमत अशी की त्या वयात दोन्ही झाडं सारखीच दिसतात. पेरापाशी, पानाच्या देठाच्या बगलेत मोहरीच्या दाण्याहून बारीक कोंब असतो, आणि त्याच्या घडणीवरून ठरवायचं.

चाचा उठले. कुंपणापाशी कसलंसं रानटी झुडूप होतं, त्याची फांदी त्यांनी दोन बोटांत धरली, अंगठ्याने पान हलकेच मागे लववलं आणि बगलेकडे पाहिलं. मग सोडली. लगेच दुसरी धरली. पाहणं आणि सोडणं यांत श्वासाएवढाही वेळ नव्हता. “असा चालायचा,” ते म्हणाले, “थांबायचा नाही. उजव्या हाताने बघायचा, डाव्याने उपटायचा. आम्ही मागून गोळा करत जायचो.” एका रानात पारखदार पुन्हा पुन्हा फेरी मारायचा, कारण एखादं झाड उशिरा रंग दाखवतं. त्याच्यानंतर घरचे लोकही रोज सरींमधून फिरायचे. एक नर राहिला तर शेजाऱ्याच्या रानाचंही नुकसान, म्हणून ही सगळ्या गावाची जबाबदारी असायची.

मी विचारलं, पारखदार हे शिकायचा कुठे? चाचा म्हणाले, बापाकडून. दुसरं कुठलं.

इथे मला थोडं आडवळणाने जायचंय. गांजाच्या नामांकित वाणांचा इतिहास आज जगभर लिहिला जातो तेव्हा तो सुरू होतो कॅलिफोर्नियात. सांताक्रूझचा ‘हेझ’, नंतर कोलंबिया, मेक्सिको आणि अफगाणिस्तानच्या बियांच्या संकरातून आलेला ‘स्कंक’, मग ऐंशीच्या दशकात हॉलंडच्या बी-कंपन्या. त्या लोकांनी मेहनत केली यात शंका नाही. पण बिनबियांचा गांजा, ज्याला तिकडे मेक्सिकोच्या स्पॅनिश बोलीतून आलेल्या ‘सिन्सेमिया’ या नावाने १९७० च्या दशकात मोठी कीर्ती मिळाली, तो नौगावचा शेतकरी किमान शंभर वर्षं आधी सरकारी देखरेखीखाली, रीतसर खात्यावर नोंदवून पिकवत होता. केरचा अहवाल १८७७ चा आहे, आणि तेव्हाही पारखदारी हा जुना, पिढीजात धंदा होता. या वाणाला कुणी चटकदार नाव दिलं नाही. त्याला फक्त ‘राजशाहीचा’ म्हणत. म्हणून तो यादीत नाही. हे मला खुपतं, आणि खुपत राहील.

जेवणानंतर चाचांनी गांजा तुडवण्याची रीत दाखवली. माघात पीक कापायचं. सकाळी कापून उन्हात पसरायचं, रात्री दवात ठेवायचं, मग चतरावर आणायचं. चतर म्हणजे माल तयार करण्याचं मैदान, आपल्याकडच्या खळ्यासारखं. चपट्या गांजासाठी शेंडे आत करून झाडं चटईवर गोल मांडायची आणि माणसांनी त्यावर गोल फिरत पायांनी दाबायचं, मग उलटायचं, पुन्हा दाबायचं, रात्री वजनाखाली ठेवायचं. असं दोन-तीन दिवस. चीक चिकट असतो, त्यामुळे पाकळ्या एकमेकींना धरतात आणि पातळ वडी तयार होते.

गोल गांजाचं काम नाजूक. त्यासाठी आडवा बांबू बांधतात, हातांनी त्याला धरून उभं राहतात आणि कळीचा तुरा पायाखाली पुढे-मागे लोळवतात. चाचांनी नातवाला कोथिंबिरीची जुडी आणायला सांगितली. पडवीच्या आडव्या वाशाला दोन्ही हातांनी धरलं, उजवा पाय जुडीवर ठेवला आणि टाच न टेकवता, फक्त तळव्याच्या पुढच्या भागाने तिला लोळवू लागले. वजन सगळं हातांवर. पायावर इतकंच, की पान दबेल पण तुटणार नाही. थोड्या वेळाने त्यांनी पाय उचलला. जुडीची सुंदर, गुळगुळीत वळी झाली होती, एकही पान फाटलेलं नव्हतं. सुनेने ती उचलून आत नेली, संध्याकाळच्या डाळीसाठी.

किती वर्षांनी केलं, मी विचारलं. “बंद झालं तेव्हापासून नाही केलं.”

बंद झालं ते १९८७ मध्ये. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने पारंपरिक वापराचा गांजा पंचवीस वर्षांत थांबवायचं ठरवलं होतं. भारतात १९८५ चा कायदा आला. त्याने भांगेचं पान तेवढं वगळलं. बांगलादेशात नौगावची लागवड संपली. चाचांनी बटाटा लावला, मग भात. कडवटपणे बोलले नाहीत. नशेसाठी पोरं काय काय घेतात ते त्यांनी पाहिलंय, आणि नातवाने यातलं काही हातात धरावं असं त्यांना वाटत नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. स्वतः त्यांनी कधी ओढला नाही. “आम्ही पिकवायचो. ओढणारे वेगळे.” मला त्यांच्याशी वाद घालायचा नव्हता. पीक बंद व्हावं की नाही हा एक प्रश्न, आणि ज्यांनी ते इतक्या कसबाने पिकवलं त्यांची नोंद राहावी की नाही हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर माझ्यापुरतं तरी पक्कं आहे.

कमिशनच्या हिंदी सभासदांपैकी एक याच राजशाही मुलखातले होते, ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय. निष्कर्षाशी ते पूर्ण सहमत झाले नाहीत, त्यांनी आपलं वेगळं मत जोडलं, बंधनं जास्त कडक हवीत म्हणून. म्हणजे हा वाद गावातल्या गावात तेव्हाही होता.

शुक्रवार, पतिसर

जुम्म्याचा दिवस, बाजार उशिरा उघडतो. आत्राईकडे पतिसरला गेलो. नागर नदीच्या काठी रवींद्रनाथ ठाकुरांची कचेरी आणि कुठीबाडी, म्हणजे जमीनदारीचा बंगला, आहे. काळीग्राम परगण्याची जमीनदारी ते इथून बघत. १९०५ मध्ये त्यांनी इथे शेतकऱ्यांसाठी कृषी बँक काढली आणि पुढे नोबेल पुरस्काराच्या रकमेतला मोठा भाग तिच्यात ठेवला. कुळांना सावकाराच्या हातून सोडवायचं, हा हेतू. पैसे नंतर बुडाले. त्याच मुलखात बारा वर्षांनी गांजावाल्यांची सोसायटी उभी राहिली आणि टिकली. एका बाजूला जमीनदाराची सदिच्छा, दुसऱ्या बाजूला पीक हातात असलेल्या शेतकऱ्यांची संघटना. माझ्या मते टिकण्या-बुडण्यातला फरक इथेच आहे, अर्थात सरकारी मक्तेदारीचं पाठबळही सोसायटीला होतं हे विसरून चालणार नाही.

कुठीबाडीचं अंगण छान झाडून ठेवलेलं. फार वेळ थांबलो नाही.

शनिवार, सांताहार

परतीची गाडी दुपारची. नौगावपासून सांताहार जंक्शन जवळच, पण जिल्हा बगुडा. जुन्या काळी गांजा इथूनच रेल्वेने कलकत्त्याकडे आणि आसामकडे जायचा. आज फलाटावर तांदळाची पोती होती.

चहा घेता घेता मित्राशी ठरवलं. चाचांच्या वयाची चार-पाच माणसं त्या तीन ठाण्यांत अजून आहेत; त्यांचं बोलणं तो ध्वनिमुद्रित करणार, त्यातला शब्द न् शब्द उतरवणार. मी नगरच्या जुन्या महसुली दप्तरांत परवान्याच्या नोंदी शोधणार, कोणत्या गावांत पीक होतं, कोण घेत होतं. मग दोन्ही समोरासमोर मांडून बघायचं, की पारखीचं काम आमच्याकडेही बाहेरून येणारा माणूस करायचा की घरचाच. चाचांची पहिली मुलाखत बोरोची लावणी उरकल्यावर घ्यायची आहे, कारण आत्ता त्यांना वेळ नाही.